मावशींच्या लेकाचे शर्ट

काजमावशींबद्दल चार शब्द बोला, असं शर्टांच्या कारखान्यातल्या मुलींनी कटिंग मास्तरांना सांगितलं, तेव्हा मास्तर उभे राहिले, घसा खाकरला आणि तसेच खाली बसले. मुलींना वाटलं, भरून आलं असेल. खरी गोष्ट वेगळी होती. सांगण्यासारखं मास्तरांना काही सापडलंच नव्हतं. अर्धं आयुष्य दोघांनी एकाच खोलीत काढलं. त्यांचं कापायचं टेबल आणि मावशींचं मशीन यांच्यामध्ये एक लोखंडी कपाट, एवढंच अंतर. पण मावशींचं माहेर कुठलं, नवरा होता की सोडून गेला होता, घरी गेल्यावर त्या काय करत, यातलं काहीही मास्तरांना ठाऊक नव्हतं. चहात साखर घेत नाहीत आणि मशीनला कोणाला हात लावू देत नाहीत, इथे त्यांची माहिती संपायची. एक गोष्ट मात्र आपल्याला पुरेपूर माहीत आहे असं ते धरून चालले होते. ती म्हणजे मावशींचा लेक.

काज करायचं मशीन साध्या शिलाई मशीनसारखं नसतं. पॅडल दाबलं की ते एका दमात काम उरकून मोकळं होतं. एका बाजूची दाट शिवण, टोकाला पक्के टाके, मग दुसऱ्या बाजूची शिवण, पुन्हा पक्के टाके, आणि शेवटी मधोमध पाती पडून चीर कापते, टप्प. थांब म्हणायला सवड नसते. म्हणून जे काही करायचं ते पॅडलवर पाय ठेवण्याआधी करायचं, आणि मावशी ते करत बसायच्या. कापड बदललं की सगळं नव्याने. त्याच कापडाची चिंधी घ्यायच्या, आत कडकपणासाठी घालतात तेच बुकरम, तेवढ्याच घड्या, आणि तिच्यावर काज काढून बघायच्या. दोन शिवणींमधली फट नखाने चाचपायच्या. फट कमी पडली तर पाती दोराच कापते, जास्त झाली तर कापडाच्या दशा निघतात. मग बॉबिनचा स्क्रू किंचित फिरवायच्या, वरचा दोरा बोटाने ओढून बघायच्या आणि पुन्हा नवी चिंधी घ्यायच्या. मालक मागे येरझाऱ्या घालायचे.

एकदा मालकांनी विचारलंच, की बाई, आज नुसत्या चिंध्यांनाच काजं करणार की शर्टांनाही? मावशींनी मान वर केली नाही.

"शिवण उसवता येते, मालक. कापलेलं कोण जोडून देणार? पाती चुकली की शर्ट मेला."

मालक निघून गेले. मेकॅनिक म्हणायचा, ह्या मशीनपाशी मी जावयासारखा येतो, चहा प्यायचा आणि निघायचं.

मावशी कारखान्यात आल्या तेव्हा मास्तरांचा मुलगा नुकता शाळेत जाऊ लागला होता. आमचाही तेवढाच, मावशी म्हणाल्या होत्या. तिथून दोघांचं बोलणं जे सुरू झालं ते कायम त्याच वाटेने गेलं. चहाच्या सुट्टीत मावशी विचारायच्या, तुमचा काय म्हणतो? मास्तर अबोल माणूस. घरी बायको म्हणायची, तुमच्यापेक्षा भिंत बरी, निदान आवाज परत तरी देते. पण मुलाबद्दल कोणी विचारलं की ते सुटायचे. किती उंच झाला, बूट कितव्या नंबरचा लागतो, कॉलर कुठे आवळते, बाह्या कशा आखूड पडतात. दुसऱ्या कोणी जांभया दिल्या असत्या. मावशी कप हातात धरून ऐकत राहायच्या, चहा निवून जायचा.

वर्षातून एकदा त्या स्वतःचं कापड आणायच्या आणि म्हणायच्या, लेकाचा शर्ट बेतून द्या. मापं तोंडी सांगायच्या. मास्तर दर वेळी म्हणत, एकदा त्यालाच घेऊन या की, टेप लावतो. मावशी म्हणायच्या, तो कुठला येतोय. आधी शाळा होती, मग कॉलेज, मग कंपनी. कंपनीत फोनही आत नेऊ देत नाहीत म्हणे. मास्तर बेतून द्यायचे आणि मावशी जेवणाच्या सुट्टीत शिवून, काजं करून, घडी घालून पिशवीत टाकायच्या. एका वर्षी त्यांनी उजवा खांदा जरा उतरता ठेवायला सांगितलं. मास्तरांना हसू आलं. ते म्हणाले, आमच्याचाही उजवाच उतरतो, दप्तर एकाच खांद्यावर अडकवायची खोड.

"मुलं सगळी सारखीच," मावशी म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.

पुढे मुलींना त्या शर्टांच्या मापांवरूनच लेकाचा अंदाज आला होता. एक आगाऊ पोरगी म्हणाली, मावशी, एवढा उंचापुरा आहे, आमच्या बहिणीसाठी बघू का? मावशींनी तिला डोळ्यांनीच दटावलं. आधी नोकरीत कायम तर होऊ दे, म्हणाल्या. खोली हसली. मावशीही हसल्या.

त्या दिवशी मास्तर पाठमोरे कापत होते. कापताना मावशींच्या पातीचा आवाज त्यांच्या कानात ठेक्यासारखा चालू असायचा, तो आहे हे लक्षातही यायचं नाही. तो थांबला तेव्हा आलं. आधी वाटलं, दोरा तुटला असेल. थोडं थांबून ते वळले. मावशी मशीनवर वाकल्या होत्या. शेजारची मुलगी म्हणाली, सुईत दोरा ओवताहेत. पण दोरा ओवताना माणसाचं कपाळ लोखंडाला टेकत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, आत काहीतरी फुटलंय, ऑपरेशन आत्ताच करावं लागेल, घरचं कोण आहे त्याला बोलवा. मास्तर आत जाऊन मावशींच्या कानाशी वाकले. मुलाचा नंबर द्या बाई, म्हणाले. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि डोळे मिटले. मास्तरांनी ते दुखण्यावर घातलं. मावशींच्या वाटेने घरी जाणाऱ्या कारखान्यातल्या एका मुलीला गल्ली माहीत होती. मास्तर तिला पत्ता विचारून रिक्षात बसले. वाटभर मनात एकच चाललं होतं, पोरगा कामावर असला तर शेजाऱ्यांकडून कंपनीचं नाव घ्यायचं आणि तसंच तिकडे जायचं. आई टेबलावर जाण्याआधी त्याला आणून उभा करायचा.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. मास्तरांना धाप लागली होती. त्यांनी मावशींचं सांगितलं आणि विचारलं, त्यांचा मुलगा कुठे भेटेल, वेळ नाही हातात.

बाईच्या तोंडात चिमटा होता. तिने तो काढून हातात घेतला.

"कोणाचा मुलगा?"

"मावशींचा. कंपनीत आहे तो."

"अहो, तो तर लहानपणीच गेला," बाई म्हणाली. "शाळेत घातला त्याच वर्षी, तापाने. मी लग्न होऊन इथे आले तेव्हाच त्या एकट्या होत्या."

मास्तरांना चक्क राग आला. बाईची काहीतरी गल्लत होतेय, घर चुकलं असेल.

"ताई, त्याचे शर्ट मी बेतलेत. या वर्षीचासुद्धा. चाळीस छाती आहे त्याची."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि किल्ली घेऊन आली.

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली दोरी. दोरीवर शर्ट. वरून जुन्या धोतराचं पातळ कापड पांघरलेलं. बाईने ते बाजूला केलं. दाराजवळचा शर्ट वीतभर बाह्यांचा होता, आणि मग एकेक वाढत गेलेला, शेवटी या वर्षीचा निळा. प्रत्येकात मास्तरांना स्वतःची कात्री दिसत होती. सवयीने त्यांचा हात पहिल्या शर्टाचं बटण लावायला गेला. बटण आत जाईना. त्यांनी अंगठ्याने काज चाचपलं. दोन्ही बाजूंची शिवण दाट, टोकं पक्की, आणि मधलं कापड सलग. कापलेलंच नव्हतं. त्यांनी पुढचा पाहिला. त्याच्या पुढचा. पाती अडकली असेल, हे त्यांच्या मनात आलं, कारण त्यांच्या मनात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. पण पाती एखाद्या काजाला अडकते. इतक्या वर्षांत प्रत्येक शर्टाच्या प्रत्येक काजाला अडकत नाही. मावशी दर वेळी पाती बंद करून बसत होत्या. त्यांच्या लेकाच्या एकाही शर्टावर त्यांनी ती पडू दिली नव्हती.

मग मास्तरांचं लक्ष खांद्यांकडे गेलं. उजवा खांदा उतरता. त्याच्या पुढचाही. मधेच एक शर्ट आधीच्यापेक्षा अंगाने बारीक होता, आणि मास्तरांना ते वर्ष आठवलं. त्या वर्षी त्यांचा मुलगा काविळीने वाळला होता. मावशींनी छाती कमी करायला सांगितली तेव्हा, परीक्षेची जागरणं, असं काहीतरी म्हणाल्या होत्या. निळ्याचं पोट सैल होतं. मास्तरांचा मुलगा लग्नानंतर सुटला होता, आणि तेही चहाच्या सुट्टीत त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं.

मास्तर खाटेच्या कडेला बसले. इतकी वर्षं आपण आपल्याच मुलाचे शर्ट कापत होतो आणि हाताला कळलं नाही. चोरी म्हणावी, तर आपलं काही गेलं नव्हतं. फसवणूक म्हणावी, तर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मुलाच्या प्रत्येक वर्षाचा दुसरा एक धनी इथे या खोलीत बसून होता, एवढंच होतं. बाईने पाणी पुढे केलं. निघताना मास्तरांनी दोरीवरचं कापड होतं तसं पांघरलं आणि खिडकीचा अडणारा पल्ला उचलून लावला.

ती बाईही त्यांच्याबरोबर दवाखान्यात आली. नर्सने विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? मास्तर म्हणाले, भाऊ. इतकं पटकन खोटं ते जन्मात बोलले नव्हते.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बघू. मावशी त्यानंतर थोडेच दिवस होत्या. मग पुन्हा ताप चढला आणि एका दुपारी कारखान्यात फोन आला. मास्तरांनी कात्री खाली ठेवली, इतकंच त्यांना आठवतं. कोण रडलं, मशीन कोणी झाकलं, काही आठवत नाही.

पण त्याआधीची एक संध्याकाळ लख्ख आठवते. मावशी शुद्धीवर आल्यात असं कळलं म्हणून मास्तर गेले होते. जिना चढताना त्यांनी ठरवलं, आपण काहीच विचारायचं नाही. शेजारीण दिवसभर तिथेच होती, तिने सगळं सांगितलं असणार. आता या बाई आपल्याकडे बघणार कशा? आणि नाही बघितलं, तोंड फिरवून पडून राहिल्या, आणि तशातच काही झालं तर? इतक्या वर्षांचं बोलणं असं शरमेत संपलं, तर ते आपल्यामुळे, आपण त्या दारात गेलो म्हणून.

मावशींचं तोंड भिंतीकडेच होतं. मास्तर स्टुलावर बसले. शेजारीण थर्मास घेऊन बाहेर गेली. मग मावशींनी हळूहळू मान वळवली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"घरी गेला होता म्हणे, मास्तर."

"हो."

"खिडकी लावली का? रस्त्याची धूळ येते आत."

"लावली."

"तिची कडी वाकडी आहे. पल्ला जरा उचलावा लागतो."

"उचलूनच लावली, बाई."