धुऱ्यावरचा वाफा

माझा स्वभाव तापट आणि जीभ तिखट, हे आधीच कबूल करते. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवते. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम आला की पुस्तकातली संत्री बाजूला ठेवून मी उन्हातून आलेल्या माणसाला पाणी पाजते. पहिला ग्लास अमृत, दुसरा बरा, चौथा नकोच. मुलं माना हलवतात. माना हलल्या म्हणजे समजलं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

एका वर्षी चाचणीत एका मुलीने त्या नियमाचं उत्तर असं लिहिलं: ‘सीमान्त उपयोगिता म्हणजे शेताच्या सीमेची, म्हणजे धुऱ्याची उपयोगिता. धुऱ्यावर गवत होते, ते बकऱ्यांना चालते. धुऱ्यावर अंबाडी लावता येते. शेजारचा शेतकरी नांगरताना दरवर्षी धुरा थोडा थोडा कोरतो, त्यामुळे ही उपयोगिता घटत जाते व भांडणे होतात.’ खाली आकृतीही होती. दोन शेतं आणि मधला बांध, वरून खाली निमुळता होत गेलेला.

मी ते भर वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही, पण मुलांनी तिच्या लाल झालेल्या चेहऱ्यावरून ओळखलं. वर्ग पोट धरून हसला. मीही हसले. भांडणांच्या वाक्यावर तर मी मुद्दाम थांबले होते, अजून हशा यावा म्हणून. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठवडाभर नाही. वसतिगृहातल्या तिच्या मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, “ते गावाले गेली, मॅडम. आता नाही येत म्हणते.”

परीक्षेचा फॉर्म भरायला आठ दिवस उरले होते. तो राहिला की वर्ष गेलं, आणि पोरगी एकदा घरी बसली की पुन्हा घाट चढून येत नाही, हे मी इथे इतक्या वेळा पाहिलं आहे की मला रविवारपर्यंत चैन पडलं नाही. रविवारी सकाळी मी एसटीत बसले. तिचं गाव वरवट बकालच्या पुढे, दोन गाड्या बदलून.

घाट उतरताना मला माझं पुणं आठवलं. एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात मी भर वर्गात विचारलं होतं, “पण सर, किंमत काऊन वाढते?” सरांना प्रश्न समजला नाही, वर्गाने मात्र माझा वऱ्हाडी ‘का’ तेवढा पकडला. वर्षभर माझं नाव ‘काऊन’ होतं. त्यानंतर दोन वर्षांत मी एकही प्रश्न विचारला नाही, आणि बोलणं इतकं घासूनपुसून शुद्ध केलं की माझ्याच आईला मी परकी वाटायला लागले. म्हणजे ते हसणं कसं लागतं हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी हसले होते. त्या एसटीत मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

माय-लेकी मळ्यात मेथी काढत होत्या, सोबत दोन मजूर बाया. आईने मला झाडाखाली बसवून पाणी दिलं. “पोरगी म्हणते, थे पुस्तक मले समजत नाही,” ती म्हणाली. “आमी म्हटलं, नाही समजत त राहू दे.” मग मजूर बायांकडे पाहून तिने लेकीला हाक मारली. “त्या धुऱ्यावरचा वाफा बी काढून घेतो काय वं?”

मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, “नको. सावलीतला हाय, दोन जुड्या निंघतीन. त्याच्यापायी बायांचा अर्धा घंटा जाते. बकऱ्या खातीन.”

मी उठून तिच्याजवळ गेले. “हे कसं ठरवलंस?”

“त्यात काय, मॅडम? सारा मळा थोडीच पाहा लागते. थो एक वाफा घेतला त काय भेटते अन् काय जाते, एवढंच पाहाचं.”

मी जे पाण्याच्या ग्लासांनी वर्षानुवर्षं सांगत होते, ते हिने एका वाक्यात सांगितलं होतं.

“हेच सीमान्त,” मी म्हटलं. “कडेला आलेलं आणखी एक. मळ्यात शेवटचा वाफा, पाण्यात शेवटचा ग्लास. बाकीच्यांचा हिशेब नाही, त्या एकाचाच.”

तिने उपटलेल्या मेथीची माती झटकली. “म्हंजे मी खाते त्यातली चौथी भाकर?”

“चौथी भाकर.”

“मंग माह्यं उत्तर बरोबर होतं काय?”

“नाही. उत्तर चुकलंच होतं. पण मी वर्गात वाचून दाखवलं, ती चूक त्याहून मोठी. माझं चुकलं.”

तिने हातातली जुडी सुतळीने बांधली, पाटीत ठेवली आणि आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “मले काय पाहू राह्यली? तुले जाचं त जाय.” मंगळवारी तिने फॉर्म भरला.

मी वर्गासमोर माफी मागितली आणि फळ्यावर ‘सीमान्त’च्या शेजारी ‘धुरा’ लिहिलं. ती तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसायची. आली होती खरी, पण तोंड उघडत नव्हती, आणि नुसतं येऊन गप्प बसणं म्हणजे काय ते माझ्याइतकं कोणाला कळणार? पंधरा दिवस मी मनातून धास्तावलेली होते.

मग पुरवठ्याच्या तासाला तिचा हात वर आला.

“मॅडम, भाव चढला की सारेच मेथी लावतेत, अन् मंग भाव पडते. हे साऱ्यायले माहीत हाय. तरी लोकं काऊन लावतेत?”

कोणी हसलं नाही. मला उत्तर येत होतं, शुद्ध भाषेत, पुस्तकासकट. पण तोंडातून वेगळंच निघालं.

“काऊन की,” मी म्हटलं, “पेरतानी ज्याले त्याले आपलाच मळा दिसते.”

वर्ग हसला, माझ्या बोलण्याला. सगळ्यांत आधी ती हसली. तिच्या पाठोपाठ मीही हसले, आणि खडू घेऊन फळ्याकडे वळले.