पाइपच्या आतला दुसरा वळ

पेर्सिदाने आयुष्यात आरशात जेवढे पाहिले नसेल, तेवढे पाइपांच्या आत पाहिले होते. स्मेदेरेवो शहराच्या नदीकाठच्या कारखान्यात ती वेल्डिंगला लागली, तेव्हा पुरुषांनी पैजा लावल्या होत्या की ही पोरगी द्राक्षे पिकेपर्यंत टिकणार नाही. पैजा लावणारे एकेक करून घरी बसले, काही मातीत गेले. पेर्सिदा मात्र डोक्याला फुलांचा रुमाल बांधून, त्यावर मुखवटा ओढून, अजून त्याच कोपऱ्यात जोड देत होती.

नवरा बुदिमिर तिला तिथेच भेटला. तो आखणीवाला. पाइप कुठे कापायचा, कुठे जोडायचा, हे तो खडूने आखून देई. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी पाइपपुढे उभा करी.

"पाइप जेवढा रुंद, तेवढी तरी जागा दोन जोडांमध्ये सोडायची. का? जोड देताना शेजारचं लोखंड भाजतं. तेच लोखंड दुसऱ्या बाजूनं पुन्हा भाजलंस, तर ते तुझ्यावर डूख धरतं. आज नाही फुटणार. तू विसरलास की फुटेल."

या शिकवणीची सगळे नक्कल करीत. बाकावर दोघे जण चिकटून बसले की कोणीतरी ओरडे, "अरे, जागा सोडा! बुदिमिर येतोय!" पेर्सिदाही हसे, पण तिला मनातून त्याचा अभिमान वाटे.

ऑक्टोबर लागला होता आणि सकाळी अंगणात दहिवर गोठू लागले होते. बाळंतिणींच्या रुग्णालयासाठी वाफेचा पाइप तयार झाला होता, न्यायला ट्रक फाटकात उभा होता. टोकाला फ्लँज, म्हणजे बोल्ट मारायचे जाड कडे, तेवढे जोडायचे बाकी होते. ते काम पेर्सिदाचे.

तिने सवयीप्रमाणे आधी दिवा आत धरून पाहिले. पाइप वीतभर रुंद होता. नकाशात त्या सरळ भागावर एकच जोड होता आणि बाहेरूनही एकच दिसत होता. आत मात्र जोडाचे दोन वळ उठले होते, शेजारी शेजारी. मध्ये जेमतेम दोन बोटांची पट्टी.

तिने दिवा बाहेर काढला, काच पुसली आणि पुन्हा पाहिले. दोनच होते. बाहेरून दुसरा जोड घासून सपाट केला होता आणि त्यावर तांबडा रंग फासला होता. आतपर्यंत ग्राइंडर पोचत नाही, म्हणून आतले तसेच राहिले होते.

तिने स्रेतेनला हाक मारली. स्रेतेन त्यांचा कूम होता, आणि हाकही दोन्हीकडून तीच. लग्नात साक्षीला उभा राहिलेला, मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलेला. सख्ख्या भावालाही तो मान नसतो. तो बुरेक खात खात आला.

"कूम, सकाळी सकाळी काय दाखवतेस? नाश्ता तरी होऊ दे."

"आत बघ."

त्याने वाकून पाहिले आणि चावायचा थांबला.

"जोड तुझा आहे," ती म्हणाली. "तुझा हात मी ओळखते."

"माझाच आहे."

"लाज नाही वाटली? तान्ही पोरं असणारेत तिथं!"

"सांगितलं तिथं दिला." त्याने तेलकट बोटे कागदाला पुसली. "पाइप आखूड कापला गेला होता. नवा मागवायचा म्हणजे बोंबाबोंब. म्हणून बांगडीएवढा तुकडा मध्ये घातला. मला नको विचारूस, कूम. आपल्या माणसाला विचार."

बुदिमिर? एक वेळ गावच्या पाद्रीबाबांवरचा असला आळ तिने खरा मानला असता. ती तरातरा आखणीच्या टेबलाकडे गेली. बुदिमिर पाइपवरून हात फिरवीत उभा होता. तिने त्याच्या पुढ्यातला टेप उचलला, खेचला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"किती आहे हे? सांग! दोन जोडांमध्ये एवढं अंतर चालतं का, सांग मला!"

"बासष्ट," बुदिमिर म्हणाला.

तिची नजर टेपवर गेली. रागाच्या भरात तिने टेप उलटा धरला होता. आकडे तिच्याकडे होते. त्याच्याकडे होती टेपची कोरी पाठ.

"काय म्हणालास?"

"बासष्ट म्हटलं ना. बहिरी झालीस का?"

पेर्सिदाच्या हातातून टेप सुटला आणि सळसळत आत गेला.  गाडी विकली तेव्हा पेट्रोल महागल्याचे त्याने सांगितले होते. वर्तमानपत्र ती वाचून दाखवायची, कारण तिचा आवाज गोड, असे तो म्हणे. आणि ती लाजलीसुद्धा होती, या वयात!

"कधीपासून?" तिने विचारले.

त्याला कळले. त्याने खडू खाली ठेवला.

"कडेकडेचं दिसतं. मधलं गेलंय. वर्ष झालं, आकडे स्रेतेन वाचून देतो. हा पाइप कापला त्या दिवशी तो रजेवर होता."

"आणि मला एका शब्दानं नाही?"

"सांगितलं असतं, तर तू मला इथं उभं राहू दिलं असतंस?" तो हळू आवाजात म्हणाला. "पेन्शनला दोनच वर्षं राहिलीत, पेर्सो. लाव तो फ्लँज. नाही फुटणार. स्रेतेनचा हात चांगला आहे."

डोळ्यांचे ऐकून ती हादरली होती, पण खरा धक्का तिला आता बसला. हे बोलत होता तो बुदिमिर! समोरचा चेहरा ओळखीचा होता, आणि त्या चेहऱ्यातून दुसरेच कोणी बोलत होते. फ्लँज जोडला, पाइप बॉयलरला बसला, की आत पाहणारे कोणी नव्हते. हे तिला माहीत होते, त्यालाही माहीत होते.

"पेर्सिदामावशी!" मुकादम रादिशा फाटकातून ओरडला. "ट्रकवाला आईबहीण काढतोय! आटपा की!"

"त्याला म्हणावं, परत जा. हा पाइप जात नाही."

"जात नाही म्हणजे? झालं काय?"

पेर्सिदाने बुदिमिरकडे पाहिले.  रादिशा जवळ आला. तिच्याकडून बुदिमिरकडे, बुदिमिरकडून तिच्याकडे पाहू लागला.

"मी आखूड कापला," बुदिमिर म्हणाला. "आणि लपवला. मला दिसत नाही, रादिशा."

मागे कोणीतरी हसले. थट्टाच वाटली असावी. मग एकेक ग्राइंडर बंद होत गेला आणि शेडमध्ये ट्रकच्या इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येऊ लागली. स्रेतेन मान खाली घालून पुढे आला आणि बुदिमिरच्या शेजारी उभा राहिला.

पेर्सिदाने मुखवटा ओढला आणि पाइप स्वतः कापला, दोन्ही जोडांच्या बाहेरून. तुकडा खाली पडला. कोणी उचलला नाही.

संध्याकाळी दोघे फाटकातून निघाले. तिने त्याचा हात धरला नाही. तेवढी ती अजून निवळली नव्हती. ती अर्धे पाऊल पुढे चालत होती. बसथांब्यापाशी थांबली, मागे न पाहता म्हणाली, "पायरी आहे," आणि त्याचा पाय नीट टेकल्याचा आवाज येईपर्यंत उभी राहिली.