अडलेलं बारसं

"बाटली रिकामी नाही, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय." ऑफिसातल्या एका शास्त्रज्ञांच्या टेबलावरच्या कुप्यांत नुसतं स्पिरिट आहे असं कोणी म्हटलं, की हे ठरलेलं उत्तर यायचं. बोलताना ते मान वर करत नसत. डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेलाच असे.

नोएडातल्या आमच्या सरकारी ऑफिसात मी दौऱ्यांच्या मंजुऱ्या बघायचो आणि ते अंदमानाकडच्या बेटांवर जाऊन डबक्यांतले जीव गोळा करायचे. वाघांवर काम करणाऱ्यांना ऑफिसात मान होता. यांचे जीव तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, कोळंबीची दूरची भावंडं. आम्ही दोघंच मराठी, दोघंही मयूर विहारचे, म्हणून मेट्रोतला प्रवास बरोबर व्हायचा. प्रवास म्हणजे काय, दोन थकलेली माणसं दांडीला धरून उभी.

घरीही तेच. एकदा डेंग्यूची तपासणी करणारे आले आणि बाल्कनीतल्या पाण्याच्या बशा पाहून चलान फाडायला निघाले. यांनी त्यांना आत बसवलं, एकेकाला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं, वर चहा पाजला. जाताना ते लोक चलान विसरले, तर हे आठवण करून द्यायला जिन्यापर्यंत गेले. अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

एका बेटावर, खडकातल्या गोड्या पाण्याच्या खळग्यात, त्यांना एक नवा जीव सापडला होता. पण सगळ्या माद्या. नराचे पाय पाहिल्याशिवाय जात पक्की ठरत नाही, त्यामुळे बारसं अडलेलं. पुन्हा तिथं जायचा प्रस्ताव ते दर वर्षी द्यायचे आणि तो दर वर्षी शेरा घेऊन परत यायचा. निदान मादीचं चित्र तरी काढून ठेवा, असं मी म्हणायचो.

"जोडीनं काढू हो. लग्नाचा फोटो एकटीचा काढतात का?"

मग ऑफिस वरच्या मजल्यावर हललं. ते तेव्हा बायकोच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवा, असा हुकूम निघाला आणि सफाईवाल्यानं मन लावून काम केलं. ते आले तेव्हा कुप्या फडक्यावर उपड्या, लख्ख, आणि आतल्या चिठ्ठ्यासुद्धा शेजारी नीट वाळवलेल्या. त्या माद्याही त्यातच वाहून गेल्या होत्या. मला वाटलं, आता हे ओरडणार. "अच्छे धोए हैं, भैया," एवढंच म्हणून ते खुर्चीत बसले. त्या संध्याकाळी मेट्रोत जागा मिळाली तरी ते उभेच राहिले.

मंजुरी आली ती निवृत्तीनंतर, त्यांचे हात कापायला लागल्यावर. त्यांच्याऐवजी लातूरकडची एक नवी शास्त्रज्ञ गेली. तिनं तोच खळगा शोधला, नमुना आणला, आणि आम्ही दोघं तो घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"हा तो नाही. हा कुठंही सापडतो. नमुना मात्र छान घेतलायस, बाळा."

तिनं कागद पुढं सरकवला. आठवेल तसं काढून द्या सर, मी चित्रावरून ओळखेन, पुन्हा जाईन, असं म्हणाली. त्यांनी लांबट अंग काढलं, दोन मिशा काढल्या. तेवढ्यालाही फार वेळ लागला. मग पेन्सिल ठेवली.

"पाय नीट आठवत नाहीत. चुकीचे काढण्यापेक्षा नको."

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या बायकोनं आणलेला चहा पिऊन निघताना तिनं तो कागद बरोबर घेतला.

या उन्हाळ्यात ते गेले. तो जीव पाहिलेलं माणूस आता जगात कोणी नाही. तो कागद लातूरकडच्या त्या मुलीनं ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. येणारे-जाणारे विचारतात, हे असं अर्धवट काय काढलंय. ती सांगते, "पाय मिळायचेत अजून."