भागाबाईला देव्हाऱ्यात बसवू नका

माझी नणंद भागाबाई गेली, त्याला आता महिना होऊन गेला. प्रकाशा गावात आमच्या ओट्यावर अजून बायका भेटायला येतात, डोळ्यांना पदर लावतात आणि ठरल्यासारखं एकच बोलतात... तोंडाची फटकळ होती, पण तुला उभं तिनंच केलं. आधी मी गप्प ऐकलं. आता ऐकवत नाही. माणूस मेलं की लगेच त्याला गोड करून टाकायची ही खोड मला मुळीच पसंत नाही. भागाबाई माझ्या वाईटावर होती आणि शेवटपर्यंत राहिली.

मानमोडी तापाच्या साथीत माझा नवरा गेला तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. मी भिंतीकडे तोंड करून पडले ती पडलेच. जेवण नाही, वेणीफणी नाही, पोर रडली तरी हात उचलत नव्हता. तेरावं झाल्यावर दीर आणि धानोऱ्याहून आलेले माझे वडील ओट्यावर बसले आणि दुसऱ्या गावी माझा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावून द्यायचं ठरवून मोकळे झाले. पाट लागला की बाईनं एकटीनं जायचं, मूल बापाच्या घरी राहायचं, असा आमच्यात रिवाज. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. भागाबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, पोटी मूलबाळ नव्हतं. ती आत आली, माझ्या कुशीतून मुलीला उचललं आणि म्हणाली, "जिले सोताले उठता येत नही, ती पोर काय सांभाळी? तू जाय. पोर आमनी शे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं, आणि तो राग होता. देवाची इच्छा, धीर धर, असलं सगळ्यांचं ऐकून झालं होतं. त्यातलं काही कामाला आलं नाही. दुसऱ्या पहाटे ती जात्यावर बसली तेव्हा मी समोर जाऊन बसले आणि खुंट्याला हात घातला. मग वडिलांना सांगितलं, पाट नको, मी इथेच राबेन आणि माझी पोर वाढवीन. दिवसभर काम उपसणाऱ्या बाईला घालवून द्यायला दिरांना तोंड उरलं नाही.

त्यानंतर वर्षानुवर्षं आम्ही दोघी समोरासमोर दळत आलो. मी दमून सोडावं म्हणून ती मुद्दाम जोरानं ओढायची, मग मीही ओढायची. बायका जात्यावर गातात. आम्ही कधी गायलो नाही. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, तरी आमचं जुळलं नाही.

यंदाच्या थंडीत, दळता दळता, मीच विचारलं... बाई, त्या दिवशी मी उठावं म्हणून बोलला होतात का?

तिनं जातं थांबवलं नाही. "नही. माले पोर पाहिजे व्हती." मूठभर दाणे जात्यात टाकून म्हणाली, "आते बी पाहिजे."

"ती तुमले भेटाव नही," मी म्हटलं.

दळण संपवून आम्ही उठलो. आता मुलगी कुणाशी न भांडता माझी झाली आहे, आणि याचा मला फार राग येतो.