वाघदेव आणि आमचे घोळ

लोक देवदर्शनाला जाऊन पुण्य जमवतात. आम्ही तिघींनी घोळ जमवले! आता कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं तरी "ते वाघदेवाचं सांगा ना" अशी फर्माईश होते, आणि एक सांगितला की मागून दुसरा आठवतोच.

आम्ही म्हणजे मी, विद्या आणि नलूताई. तिघीही रसायनीच्या कॉलनीतल्या, मुलं मोठी होऊन मोकळ्या झालेल्या. आमचा ईको गाडीवाला बबन कळंबच्या बाजूचा. त्याच्या गावाबाहेर देवराई आहे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. आत शेंदूर लावलेला वाघदेव. बबनचे वडील आप्पा या राईचे राखणदार. माणूस प्रेमळ, पण रीत म्हणजे रीत!

बबनची धाकटी बहीण सुगंधा तेव्हा बारावी झाली होती. तिला पुण्याला नर्सिंगला जायचं होतं. आप्पा म्हणायचे, "पोरीला एकटीला धाडायची तर देवाला इचारल्याबिगर नाय." म्हणून आम्ही गेलो की सुगंधा हळूच कानाशी लागायची, "मावशी, आज तरी काय घोळ करू नका गं! आप्पा खूश ऱ्हायला पायजेत."

पण आमचा घोळ काय सांगून येतो?

*

पहिल्याच खेपेला विद्याने राईतली एक सुंदर वाळकी शेंग पर्समध्ये टाकली. शोकेससाठी! बाहेर पडताना आप्पांनी अडवलं.

"बाय, राईतलं पान बी भाईर नाय न्यायचं."

बिचारीने ओशाळून पर्स उलटी केली. शेंग निघाली, दोन पिसं निघाली, आणि कडीपत्त्याची एक काडी.

"अहो, हा कडीपत्ता माझ्या भाजीवाल्याकडचा आहे!"

आप्पा शांतपणे म्हणाले, "आसंल. पन आता तो राईतनं भाईर चाललाय ना? ठेवा!"

त्या रात्री विद्याकडची आमटी कडीपत्त्याविना झाली.

*

नलूताईला पसारा सोसत नाही. हॉटेलात गेली तरी आधी टेबल पुसते. राईत गुडघाभर पाचोळा बघून तिचा जीव कासावीस झाला. आम्ही देवापाशी बसलो होतो तेवढ्यात हिने कुठून तरी खराटा पैदा केला आणि अख्खी वाट लख्ख झाडून काढली!

आप्पा आले. ढिगाकडे बघितलं.

"कुनी केलं?"

"मी!" नलूताई अभिमानाने म्हणाली.

"राईतलं पान जिथं पडंल तिथंच कुजवायचं असतं. जसं व्हतं तसं करा."

मग काय! जन्मात कधी पसारा न केलेली बाई ओंजळीने पाचोळा उधळत होती, आणि तेही कसं? "विद्या, तिकडे जरा जास्त झालाय गं, सारखा कर!"

*

एकदा कुणाचा तरी नवस होता. राईतच कोंबडी शिजवलेली. रस्सा असा की काय सांगू! मी आपली एक तंगडी हळूच डब्यात भरली, आमच्या ह्यांच्यासाठी.

आप्पांनी बरोब्बर पकडलं. "बाय, नवसाचं हितंच संपवायचं. घरी नाय न्यायचं."

"अहो, मिस्टरांना फार आवडते हो..."

"मंग मिस्टरांना हितं आना!"

आणि पंगत थांबवली की! शेवटी हे रसायनीहून स्कूटरवर आले, घरच्या हाफ पँटवर. मांडी घालून पोटभर जेवले, ढेकर दिला आणि आप्पांशी गप्पा मारत बसले. मला तोंड वर करायची लाज वाटत होती. आता नवस कुणाचाही असो, आप्पा ह्यांना फोन करतात. मला कुणी कळवतसुद्धा नाही!

*

आणि मग कौलाचा दिवस आला.

नामा गुरवाने वाघदेवाच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवली आणि तो देवाशेजारी बसला. उजवी आधी पडली तर सुगंधा पुण्याला जाणार, डावी पडली तर नाही. एका कामाला एकदाच कौल. फिसकटला तर ते काम सोडून द्यायचं. आम्ही समोर बसलेलो. सुगंधाच्या ओठांवर रक्त नव्हतं.

नलूताई ओहोळावर पाय धुवायला गेली होती. ती आली ती थेट आमच्या आणि देवाच्या मधे!

"अगंबाई, देवाच्या अंगावर काय हा कचरा!"

कुणी उठेपर्यंत तिने पदराने देव पुसलाही. पाठ आमच्याकडे आणि गुरवासमोर पदर, त्यामुळे कुणालाच काही दिसलं नाही. दोन्ही पाकळ्या खाली.

"मेलो!" बबन म्हणाला. पोरीची एवढी आशा, आणि आमच्या हातून हे व्हावं!

गुरवाने विचारलं, "बाय, आदी कंची बाजू पुसलीत?"

"उजवी! देवाचं काम मी डावीकडून कशी सुरू करीन?"

सुगंधाने मान वर केली. पण गुरवाने डोकं हलवलं. "तुमची उजवी म्हंजे देवाची डावी. देवाचं तोंड तुमच्याकडं हाय."

आपण कौलच पुसला हे आता कुठे नलूताईच्या ध्यानात आलं आणि ती मटकन खालीच बसली. सुगंधा रडत नव्हती, नुसती जमिनीकडे बघत होती. आप्पांनी लेकीकडे बघितलं. मग उठले, गुडघे धरत देवासमोर नलूताईच्या शेजारी जाऊन बसले.

"नामा," ते म्हणाले, "तितनं ऊठ. हिकडं माज्या बाजूला येऊन बस. हितनं उजवीच दिसते. फोड नारळ!"