त्याच खेपेचं पिल्लू

कोंबडीची अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या हॅचरीत तिला सगळे काटामावशी म्हणायचे. काटा म्हणजे वजनाचा. पिल्लू तळहातावर घेतलं की त्याचं वजन, पायातली ताकद, पोटाची अवस्था, सगळं तिच्या हाताला कळायचं, आणि बघता बघता ते एकतर खोक्यात गेलेलं असायचं, नाहीतर खालच्या निळ्या टोपलीत. खोक्यातलं विकायला जायचं. टोपलीतल्याचं काय होतं ते विचारायचं नसतं. नव्या मुली विचारायच्याच, पहिल्या दिवशी, डोळ्यांत पाणी आणून. मावशी त्यांना सांगायची, "हाताने बघ बाई, डोळ्यांनी बघू नकोस. डोळ्यांनी बघितलंस तर संध्याकाळपर्यंत टिकायची नाहीस." स्वतः ती समोरच्या भिंतीकडे बघत काम करायची. तोंडाने एकीच्या सासूचा आणि दुसरीच्या जावेचा उद्धार चालू, आणि हात आपले पिल्लांच्या सरकत्या पट्ट्यावर चालू.

आता यावरून बाई दगडाच्या काळजाची होती असं कुणी समजू नये. नवरा लवकर गेला, तेव्हा याच हातांनी तिने एकुलती एक मुलगी वाढवली, शिकवली, धूमधडाक्यात लग्न लावून दिलं. मुलगी आईच्या वरताण फटकळ. लहानपणी एकदा विचारत होती, "आई, मलापण हातावर तोलून घेतलंस का गं?" आई म्हणाली, "तुला तोललं असतं तर तू खोक्यात कशाला गेली असतीस?" दोघी हसून हसून लोळल्या होत्या. असं त्यांचं घर. भांडण नाही तो दिवस नाही आणि अबोला असा कधी नाहीच.

मग मुलीला दिवस गेले, आणि दिवस भरायच्या आतच सगळं संपलं. बाळ जन्मलं तेच निपचित. मुलगी गुंगीत होती. जावई बसचा ड्रायव्हर, दाराएवढा धिप्पाड माणूस, पण दवाखान्याच्या फरशीवर गुडघ्यात डोकं घालून बसलेला. म्हणून नर्सने ते पांढरं गाठोडं मावशीच्या हातात दिलं आणि विचारलं, "शुद्धीवर आल्यावर आईला दाखवायचं का?" मावशी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "नको. अजिबात नको. जन्मभर डोळ्यांसमोर राहील तिच्या. घेऊन जा." आणि मुलगी जागी झाली तेव्हा तिच्या केसांवरून हात फिरवत, बाकी सगळ्या बायका म्हणतात तेच म्हणाली. "रडू नकोस. वय आहे तुझं. दुसरं होईल."

मुलगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं! आईकडे राहायला आली ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. ताट पुढे ठेवलं तसं परत जायचं. एवढी बडबडी पोरगी, पण तोंडातून ब्र निघेना. जावयाचा दोन फेऱ्यांच्या मधे फोन यायचा, "काही बोलली का?" मावशी म्हणायची, "नाही हो." पोरगी समोर बसली आहे, श्वास घेते आहे, आणि तरी रोज थोडी थोडी हातची चालली आहे हे मावशीला दिसत होतं.

तेव्हा तिला एक कल्पना सुचली. चांगल्या पिल्लाला हात लावायची सोय नव्हती, त्यांची मोजणी असते. निळ्या टोपलीला मात्र कुणी विचारत नाही. इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते तिने केलं, टोपलीत टाकलेलं परत उचललं. पाय फाकलेलं पिल्लू तिला हवं होतं. तो दोष बरा होतो. दोन्ही पाय चिकटपट्टीने जवळ बांधून ठेवले की चार दिवसांत पिल्लू उभं राहतं. तसलंच एक मिळालं. पाय दोन दिशांना, पण आवाज असा की सगळी हॅचरी डोक्यावर घेतलेली. रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातलं आणि निघाली. उलटं करून पोट काही बघितलं नाही. टोपलीत गेलेलं पिल्लू दुसऱ्यांदा तपासायचं नसतं, सवयच नाही तशी. उडत्या पाखराची पिसं मोजणारी बाई, पण हातातल्या पिल्लाची बेंबी मिटली आहे का ते बघायला विसरली.

"हे धर," घरी येऊन ती मुलीला म्हणाली.

"काय आहे?"

किती दिवसांनी आलेला शब्द! मावशीने चेहरा कोरडा ठेवला. "पाय फाकलेत त्याचे. मला वेळ नाही. तू बघ काय ते."

बुटांचं खोकं आलं, त्यावर बल्ब टांगला गेला. दोन पायांमधे निळ्या चिकटपट्टीचा लहानसा पूल बांधला. मुलगी ड्रॉपरने साखरपाणी पाजू लागली. उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक कुस्करून भरवायचा, तर उरलेलं पांढरं वाया कशाला घालवा म्हणून तिच्या स्वतःच्या पोटातही काहीतरी जाऊ लागलं. मावशी म्हणाली, "कोंबडीच्या लेकराला अंडं खाऊ घालतेस. शोभतं का तुला?" मुलगी मान वर न करता म्हणाली, "त्याला कुठे माहीत आहे? तू सांगू नकोस म्हणजे झालं." मावशी तडक स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. मग फोन लावला. "अहो, बोलली! चक्क मला उलट बोलली!" पलीकडे जावई नुसतंच "हं, हं" करत राहिला.

पिल्लाची एक खोड होती. हनुवटीखाली बोट धरलं की ते बोटावर मान टेकून डोळे मिटायचं, पेन्शनीतल्या म्हाताऱ्यासारखं. मुलगी दिवसातून पन्नासदा बोट धरायची. एकदा कपडे वाळत घालताना मावशीला आतून तिचं बोलणं ऐकू आलं. "आज बाबा नाही यायचा हं. त्याची गाडी लांब गेली आहे." ओला कपडा हातात धरून मावशी तशीच उभी राहिली. पोरगी बोलती झाली म्हणून आनंद करायचा, की ती कुणाशी बोलते आहे ते ऐकून जमिनीत गडप व्हायचं, हे तिला कळेना.

पाय सुधारत होते. पंखांच्या कडेला पिसं फुटू लागली होती. आणि मग पिल्लाने खाणं टाकलं. अंग फुलवून कोपऱ्यात बसून राहू लागलं.

"आई, याच्या पोटाला वास येतोय."

मावशीने पिल्लू उचललं आणि पहिल्यांदा उलटं केलं. बेंबी मिटलेलीच नव्हती. पोट फुगलेलं, ओलं, कातडीखाली हिरवट. काय ते तिच्या हाताला कळलं. त्या हाताने अशी हजारो पिल्लं निळ्या टोपलीत टाकली होती आणि एकदाही तो चुकला नव्हता. तेव्हाच बोलायचं होतं. पण मुलगी तिच्या तोंडाकडे असं बघत होती की मावशीची जीभ उचलेना. "गारठलंय," ती म्हणाली. "बल्ब जरा खाली घे."

दुसऱ्या दिवशी ती शेडवाल्याकडे गेली. हॅचरीच्या मागच्या शेडमधे लहान पिल्लं वाढवत, ती त्याच्या ताब्यात. औषधांच्या बाटल्याही त्याच्याचकडे.

"बेंबीचं पिल्लू वाचलेलं कधी बघितलंय का, मावशी?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"औषध दे म्हटलं ना तुला! तू काय माझा मास्तर आहेस?"

त्याने बाटली काढून दिली.

मुलीने हात टेकले नाहीत. कोमट पाण्यात कापूस बुडवून पोट पुसायची, थेंब थेंब औषध पाजायची, खोक्याला कान लावून श्वास ऐकायची. झोप अशी नाहीच. डोळे लाल झाले. जावई अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आला, तो बिचारा तिच्याशेजारी बसून कापूस कोमट करून देत राहिला. जाताना दारात मावशीला हळूच म्हणाला, "वाचेल ना ते?" मावशी म्हणाली, "वाचेल की." एकदा खोटं बोललं की मग काय, पायऱ्या उतरतच जायचं असतं.

आणि एका दुपारी मावशी कामावरून आली, तर मुलगी खोक्याशेजारी जमिनीवरच झोपून गेलेली. एक हात खोक्यात. हाताखाली पिल्लू. मान लांबवून पडलेलं, बल्बच्या उजेडात, गार.

उठवायचं ना तिला! जवळ घ्यायचं, सांगायचं, रडू द्यायचं. दुसरी कुणी असती तर तेच केलं असतं. पण मावशीला भिंतीकडे तोंड केलेली ती पाठ आठवली आणि तिचं डोकंच चालेना. चालले ते हात. मुलीची बोटं तिने एकेक करून अलगद बाजूला केली, पिल्लू काढलं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, स्वयंपाकघराच्या दारामागच्या कचऱ्याच्या डब्यात भाजीच्या सालींखाली ढकललं आणि पायात चपला सरकवून शेडकडे धावली.

"त्याच खेपेचं एक दे. आजचं नको. पंखाला पिसं फुटलेली हवीत."

शेडवाल्याला काय ते कळलं असावं. "हजार आहेत, मावशी. कुठलंही घ्या. कोण ओळखतंय?"

मावशीलाही तेच वाटलं. कोण ओळखतंय! सगळं आयुष्य तिने एकासारखं एक पिल्लू हातावेगळं केलं होतं. या वेळी मात्र तिने एक निवडून दोनदा उलटं करून बघितलं. बेंबी कोरडी ठणठणीत. घरी आणून तशीच निळी पट्टी त्याच्या पायांना बांधली, मापात, अगदी मुलीने बांधली होती तशी. ठेवलं खोक्यात.

मुलगी जागी झाली ती चिवचिवाटाने. पिल्लू खोकंभर तुरुतुरु पळत होतं, पट्टीसकट. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मावशीचा जीव भांड्यात पडला.

"बघ! लागलं औषध. मी म्हटलं नव्हतं?"

मुलीने दोन्ही हातांनी पिल्लू उचललं. हनुवटीखाली बोट धरलं. पिल्लाने बोटाला चोच मारली आणि धडपडून ओरडायला लागलं. तिने पुन्हा बोट धरलं. पुन्हा चोच. मग तिने ते हळूच खोक्यात ठेवलं.

"हे कोण?"

"कोण म्हणजे? तेच की. अंगात ताकद आली त्याच्या, म्हणून..."

"आई, हे कोण आहे?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं! मावशीने खोकं तिच्यापुढे सरकवलं. "अगं, तसलंच आहे ते. त्याच खेपेचं. दोन दिवस सांभाळलंस की तुला फरकसुद्धा..."

"दुसरं," मुलगी म्हणाली. आवाज अगदी खाली. "दुसरं होईल. दुसरं आणलं. तुझ्याकडे दुसरं फार असतं गं, आई." मावशी तिला जवळ घ्यायला गेली, तर तिने हात झिडकारला. "माझं कुठे आहे? मला का नाही उठवलंस? मेलं असेल, मला कळत नव्हतं का? पण मला बघायचं होतं. मेलं तरी माझं होतं ना!"

आणि ती रडायला लागली. दवाखान्यातून आल्यापासून जे अडलं होतं ते सगळं एकदम. पोटाशी हात धरून, वाकून, शेजारपाजारचे दारात येतील अशा आवाजात रडली. खोक्यातलं पिल्लू घाबरून गप्प झालं.

मावशी उठली. डब्याचं झाकण काढलं, सालींत कोपरापर्यंत हात घातला आणि ती पुडी शोधून आणली. कागद ओला झाला होता. तो तिने मुलीच्या मांडीवर ठेवला आणि समोर जमिनीवर बसली.

मुलीने पुडी उघडली. पिल्लाच्या अंगाला चिकटलेलं साल काढून टाकलं. ओढणीच्या टोकाने चोच पुसली. हनुवटीखाली बोट घातलं. हुंदके हळूहळू ओसरले. मग खालीच बघत तिने विचारलं.

"आई, बाळ कसं होतं?"

कधीतरी हा प्रश्न येणार हे मावशीला ठाऊक होतं. उत्तरही तिने घोकून ठेवलं होतं: नाक तुझं होतं, कपाळ बापाचं होतं, झोपल्यासारखं दिसत होतं. तोंड उघडलं. पण एकही खोटा शब्द बाहेर येईना.

"मी बघितलं नाही गं."

मुलीने मान वर केली.

"नर्सने कापड बाजूला केलं होतं. बघा म्हणाली. मी भिंतीकडे बघत होते." मावशीला रडू आवरेना. "मला बघवलं नाही. चुकलं माझं. माझ्याशिवाय कुणी बघणारं नव्हतं आणि मी बघितलं नाही."

"तुझ्या हातात दिलं होतं?"

"हो."

"मग?"

"हलकं होतं," मावशी म्हणाली. "फार हलकं होतं. अजून ऊब होती." तिने आपले दोन्ही तळहात समोर धरले, रिकामे, थोडे वाकलेले. "इथे. एवढंच मला ठाऊक आहे. रोज कामाला बसले की आठवतं."

मुलगी त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने मांडीवरचं मेलेलं पिल्लू उचललं आणि आईच्या तळहातावर ठेवलं. मावशीचे डोळे सवयीने समोरच्या भिंतीकडे गेले.

"तिकडे नाही," मुलगी म्हणाली. "याला बघ. नीट बघ आणि मला सांग."

मावशीने मान खाली घातली. डोळ्यांतल्या पाण्यातून नीट दिसेना, म्हणून खांद्याला डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं.

"डोळ्यावर बारीक पांढरी पापणी आहे," ती म्हणाली. "उजव्या पंखाला जास्त पिसं आली आहेत. डाव्याला कमी." तिने अंगठ्याने पाय हळूच सरळ केला. "मधलं बोट जरा वाकडं आहे."

"हो," मुलगी म्हणाली. "पहिल्यापासून होतं ते."