मनकर्णाबाईचा झिरा

मनकर्णाबाई चिडकी म्हणूनच सासरी आली आणि पुढे चाळीस वर्षं चिडकीच राहिली. पण पाण्याच्या बाबतीत तिच्याइतकं सबुरीचं माणूस त्या बारा घरांच्या वाडीत दुसरं नव्हतं. वाडीची विहीर खारी. होळी सरली की नाल्याची धार आटायची, मग पावसाळ्यापर्यंत गोडं पाणी ते एवढंच, नाल्याच्या वळणावर वाळूत उकरलेल्या झिऱ्यातलं. तो दरसाल मनकर्णाबाई उकरायची, आणि तोही हातांनी. सासूने शिकवलं होतं, वाळू काढत जायचं आणि खाली निळसर चिकणमाती लागली की थांबायचं. पाणी वाळल्या भोपळ्याच्या तुंब्याने घ्यायचं आणि झिरा पुन्हा भरेपर्यंत गुमान बसून राहायचं.

पोहरादेवीच्या यात्रेची वाट वाडीवरूनच जायची. वाटसरूला पाणी नाही म्हणायचं नाही, झिऱ्याचा पहिला तुंबा त्याचाच, ही वाडीची रीत. पूर्वी लोक पायी येत, थोडेथोडके. त्यांत लांबच्या तांड्यावरची गोमतीबाई दरसाल सगळ्यांच्या आधी यायची. जोडे लांब काढायची, पाणी पाझरेपर्यंत बसायची. तेवढ्यात दोघींची तंबाखू एकाच चंचीतून चालायची.

मग वाटेवर मुरूम पडला आणि मोटारी सुरू झाल्या. आता येणाऱ्यांत देवीला येणारे किती आणि हवा खायला येणारे किती, ते देवीलाच ठाऊक. त्यांनी झिऱ्यात बादल्या बुडवल्या, काठावर धुणी धुतली, चुलीसाठी शेताच्या कुंपणाच्या काट्या उपसून नेल्या. नाला पत्रावळींनी भरला. मनकर्णाबाई ओरडली तर लोक हसले. एक कोटवाला तर म्हणाला, बाई, तो तुंबा घेऊन जरा उभी राहा, फोटो काढतो. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिचा नवरा दौलतराव मात्र खुशीत होता. मोटारवाले त्याला पाटील म्हणायचे, तो पाटील नसताना. रामनवमी चार दिवसांवर असताना त्याने वाडीतले गडी जमवले आणि पहारी घेऊन झिऱ्यावर आला.

"पहार लावू नोका," मनकर्णाबाई म्हणाली. "खालची चिकण फुटली का पाणी गेलंच समजा."

"एवढी माणसं येऊन राह्यली, त्याईले का तुंब्या-तुंब्यानं पाजतं? गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

गड्यांनी कंबरभर खोदलं. चिकणमाती फुटली, खाली भुसभुशीत मुरूम लागला. त्या सांजेला खड्डा गढूळ पाण्याने भरला आणि दौलतरावाने मिशीवर हात फिरवला. सकाळी पाहतात तर खड्ड्यात नुसता ओलावा. यात्रेकरू आले, कोरडा खड्डा पाहून वाडीच्या नावाने बोटं मोडत पुढे गेले. त्यांचं काय, त्यांना पुढच्या गावी पाणी मिळालं. वाडीच्या बायकांनी मात्र मिरगापर्यंत दोन कोसांवरून घागरी वाहिल्या. दौलतराव त्या दिवसांत घरात कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

पुढल्या वर्षी मनकर्णाबाईने कोणाला न सांगता नाल्याच्या वरच्या अंगाला नवी जागा पाहिली. यात्रेच्या तोंडावर झिरा उकरला, पाणी लागलं, तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिला तुंबा भरून घेतला आणि झिऱ्यावर बोरीच्या काट्या ओढल्या. एवढ्यात सडकेवर दोन मोटारी थांबल्या. माणसं हातात बादल्या घेऊन उतरू लागली. आणि त्यांच्या पुढे, वाळूतून पायी, गोमतीबाई येत होती. तिने जोडे लांब काढले.

"पानी हाय का बाई?"

मनकर्णाबाईने सडकेकडे पाहिलं. हिला दिलं की ते सगळे इकडे वळणार. तिने तुंबा पदराखाली घेतला.

"नाई. आटलं औंदा."

गोमतीबाईने मनकर्णाबाईच्या हातांना कोपरापर्यंत लागलेली ओली वाळू पाहिली. वाकून जोडे पुन्हा पायांत घातले.

"बरं," ती म्हणाली, "पुढं पाहीन."

ती सडकेला लागली. तिला हाक मारायची तर मोटारवाले ऐकणार. मनकर्णाबाई जन्मभर ज्याच्या-त्याच्यावर चिडली होती, पण आता कोणावर चिडावं ते तिला कळेना. ती तशीच उभी राहिली. पदराखाली तुंबा कलला होता आणि वाटसरूचं पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं.